पाकीट क्रमांक एक्केचाळीस

रात्री अडीचला पाकीट फाडलं.
आत एकच शब्द : मास्क.
आधीच्या पाकिटात नळ्या निघाल्या होत्या,
त्याच्या आधीच्यातही नळ्याच.
चिठ्ठ्यांना मागचं काही आठवत नाही.

एस्नार्टचा पोरगा, अकराशे चाळीस ग्रॅम.
श्वास घेताना त्याच्या बरगड्या अशा खोल जायच्या
की आतून कुणी दोरी खेचतंय.
नाक माझ्या करंगळीच्या नखाएवढं,
आणि त्याच नाकातून
पाच सेंटिमीटर पाण्याच्या दाबाची हवा
फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचवायची.

"कुणी ठरवलं हे?" एस्नार्टनं विचारलं.
कागदानं.
"डॉक्टरला ठाऊक नाही काय चांगलं?"
नाही.
"तुला?"

अठरा वर्षं झाली न्खोटाकोटाच्या या वॉर्डात.
मला वाटतं बरंच काही.
नळ्या नीट बसल्या तर हवा बिनचूक आत जाते,
पण दोन नाकपुड्यांमधला पडदा,
कांद्याच्या पापुद्र्याइतका,
आधी लाल होतो, मग पांढरा,
मग आईला बाजूला घेऊन बसावं लागतं.
अशी एक पोर माझ्या लक्षात आहे. नाव सांगणार नाही.
मास्क मऊ असतो. पण बाळानं मान वळवली
की कडेनं फुस्स,
आणि नाकाच्या मुळाशी त्याचा वळ उठतो.
तेव्हा, एस्नार्ट, मलाही नाही ठाऊक.
ठाऊक असतं तर पाकीट कशाला फाडलं असतं?

ती हसली नाही.
चितेंजेचं टोक दाताखाली धरून बाटलीकडे बघत राहिली.

बाटलीत पाणी, पाण्यात नळी,
नळीच्या तोंडाशी बुडबुडे.
आम्ही नर्सा रात्री कानांनीच बघतो :
बुडबुड चालू आहे तोवर चहा प्यायचा,
थांबली की कप जिथे असेल तिथे ठेवायचा.
त्या रात्री कप चार वेळा ठेवला.
टोपीची नाडी सुटायची, मास्क सरकायचा,
आणि शेवटी चहावर साय धरली.

पहाटे बाप आला, लामेक,
तळ्याचा वास अंगावर घेऊन.
बाटलीकडे बघून म्हणाला, "खाली मासा आहे."
मग नाडीकडे बघून म्हणाला,
"ही गाठ ओली झाली की सुटणारच."
मी त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. दोनदा.
मग त्यानं जाळं सांधताना मारतात तशी गाठ मारली,
बाळाच्या कातडीला बोट न लावता,
श्वास रोखून. त्याचा स्वतःचा.
मी मास्कखाली माझं बोट फिरवून पाहिलं :
घट्ट नाही, सैल नाही.
बुडबुडे लागले ते दिवस चढेपर्यंत थांबले नाहीत.

फॉर्ममध्ये गाठीला रकाना नव्हता.
'इतर' मध्ये लिहिलं : नाडी वडिलांनी बांधली.

महिन्यानं लिलाँग्वेहून तपासणीच्या बाई आल्या,
त्या ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या, हे काय?
म्हटलं, या बाळाची गळती कमी झाली ती त्या गाठीनं.
मास्कच्या खात्यावर जमा करू नका.
नळ्यांच्याही विरोधात धरू नका.
बाईंनी चष्मा काढला, पुसला,
ओळ तशीच ठेवली.

पण ते नंतरचं.
सातव्या दिवशी आम्ही मास्क काढला.
बाटली गप्प झाली आणि मी
हातातला ट्रे टाकून धावले,
स्वतःच बंद केलेल्या यंत्राकडे.
सवय.
एस्नार्टच्या छातीवर तो उघड्या नाकानं झोपला होता,
नाकाच्या मुळाशी आडवी गुलाबी रेघ,
चष्मा लावून वाचता वाचता डोळा लागलेल्या म्हाताऱ्यासारखी.
ती ओठ हलवत मोजत होती,
चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
मला बघून थांबली नाही.

रेघेची लांबी लिहिली, चार मिलिमीटर.
मग बेचाळीसावं पाकीट घेतलं,
उजेडाकडे धरून पाहिलं.
कागद जाड आहे. आतलं दिसत नाही.