दुधाची वही

रात्रीचे दोन चाळीस.
पास्काच्या करंगळीचं टोक दाबून धरलंय,
थेंब येईना.
थंड पडलीत बोटं. फुंकर घालतो, तळहातात चोळतो,
पहाटे मेंढीच्या आचळाला ऊब देतो तसा,
तेव्हा कुठे येतो एक, मोहरीएवढा.
यंत्र पाचापासून उलटं मोजतं.
अठ्ठावन्न.

दंडावर सेन्सर होता. काल संध्याकाळी
कोकरानं तो चाटून चाटून सोडवला,
आणि ही इतकी खिदळत होती
की आम्हीही हसलो, अडवलं नाही.
नवा येईल सोमवारच्या टपालानं.
टपाल घाट चढलं तर.

चूक माझी.
"आधी घास, मग सुई,"
नुओरोच्या इस्पितळात नर्सनं तीनदा बजावलं होतं.
पण आकडा चढा होता, ताटलीत फ्रेगुला वाफाळत होता,
वाटलं, खाईल.
सहा मणी खाल्ले तिनं. मोजले मी.
सातवा टेबलाखाली, कुत्र्याला.
मग ओठ घट्ट, शिंपल्यासारखे.
रिमेदियानं चमच्याचं विमान केलं, होडी केली,
शेवटी रडली. पोर नव्हे, रिमेदिया.
सव्वादोन वर्षांच्या जिवाला कसं सांगायचं
की कातडीखाली सोडलेलं युनिट
हाक मारून परत बोलावता येत नाही?
कुत्रासुद्धा येतो.

आमच्या फ्रिजच्या दारात दोघं शेजारी राहतात:
दूध फाडायचं, कोकराच्या पोटातून काढलेलं,
आणि तिचं, लाल दोरा बांधलेलं.
दोन्ही मोजूनच घालायचं.
पहिलं जास्त झालं तर चीज कडवट होतं.
दुसऱ्याचं वाक्य मी पुरं करत नाही.

कागदासारखी आमची भाकरी
मी चीजच्या काट्यावर तोलतो.
काटा जुना, माझ्या बापाचा,
पाच ग्रॅमखाली तोंड उघडत नाही.
माझी मुलगी त्या पाचाच्या आत जगते.

आता गोड हवं, लगेच.
रसाचे डबे संपलेत.
साखर आम्ही पहिल्याच आठवड्यात
घरातून हाकलली होती, चोरासारखी.
नर्स म्हणाली होती, अहो, तीच तर लागेल रात्री.
ऐकलं नाही. भीती कानांनी ऐकत नाही.

फळीवर मध आहे,
डोंगरावरच्या कोर्बेत्सोलोच्या फुलांचा,
नोव्हेंबरचा, कडू.
पाहुण्याला देताना आधी सांगावं लागतं, असा कडू.
पण मधच तो. रक्ताला चव कळत नाही.
बोटावर घेतला, हिरड्यांवर चोळला.
झोपेतच तोंड वेडंवाकडं केलं तिनं,
गिळलं.
तोंडात साखर पडो, म्हणतात ना लोक,
सहज, शुभ बातमी आणणाऱ्याला.

पंधरा मिनिटं.
वाड्यात मेंढ्या कूस बदलतात, एकेक घंटा वाजते.
ही लंगडीची. ही त्या भांडखोर काळीची.
अंधारात एकशे चाळीस जणी ओळखतो मी कानानं,
आणि हाताच्या अंतरावर निजलेली ही,
हिच्या आत काय चाललंय
ते विचारायला सुई लागते.
रिमेदिया दारात उभी, अनवाणी.
जेवताना जे बोललो एकमेकांना
ते दोघांनीही उचललं नाही,
तसंच पडू दिलं जमिनीवर.

चौऱ्याण्णव.
पास्का एक डोळा उघडते, म्हणते, "अजून."
अजून काय? तो कडू मध.
माझी पोर.

जी हाताशी होती त्या वहीत लिहिलं:
२.४० – ५८. २.५५ – ९४.
चार वाजता धारा काढायला गेलो.

सकाळी दुधाची गाडी आली. बोबोरेनं वही उघडली,
भुवया वर गेल्या:
"बाकीस, काय झालं रे? फक्त अठ्ठावन्न लिटर?
आणि पंधरा मिनिटांत चौऱ्याण्णव?"
म्हटलं, पान उलट.
दूध मागच्या बाजूला आहे.