दोन तासांत दहा

वाटीत हलवा, शेजारी रिकामी बशी.
डाव्या कुशीवर निजून
तुझ्या प्रत्येक हालचालीला मी एक दाणा
वाटीतून बशीत टाकते.
दोन तासांत दहा, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
आणि उचकी धरायची नाही.

वर गच्चीवर सगळं घर.
जसुमतीबेनच्या स्पीकरवर तीच चार गाणी
आणि मिनिटामिनिटाला दांडिया बाजाराच्या गळ्यातून
काप्यो छे!

एक. सव्वाअकरा. कोपर असावं.
दोन लगेच.
मग काहीच नाही.
मी गार पाणी प्यायले, तिळाची वडी खाल्ली,
पोट थोपटलं,
तुझ्याशी बोलले, आधी मराठीत,
मग गुजरातीत, म्हटलं न जाणो.
तीन.
चौथा मी नक्की सांगू शकत नाही.
बशीत ठेवला, उचलला, परत ठेवला.
स्वतःच्या पोटाशी कोण खोटं बोलतं?
मी.

परवापर्यंत रात्री बाराला
बरगडीत असा पाय खुपसायचंस
की मी कौस्तुभला उठवायचे, बघ, बघ,
आणि त्याचा हात पोचेपर्यंत तू गप्प.
तेव्हा राग यायचा.
तो राग आता कुठून आणू?

आई खाली आल्या ऊंधियूचं पातेलं उतरवायला.
म्हणाल्या, शेवटी शेवटी जागा कमी पडते गं,
मुलं शांत होतात.
मग बशीकडे बघितलं. सहा.
घड्याळाकडे बघितलं.
गॅस बंद केला
आणि जिन्यात जाऊन ओरडल्या,
कौस्तुभ, दोरी सोड!

तो उतरला, बोटांना चिकटपट्ट्या, नाकावर ऊन.
फिरकी श्रुतिकाच्या हातात, पतंग अजून वरच.

सगळं बडोदं गच्च्यांवर,
खाली फक्त आमची रिक्षा.
सूरसागराच्या वळणावर एक मांजा
रस्त्यावर आडवा तरंगत होता.
रिक्षावाल्याने थांबून तो हाताने वर धरला.
आम्ही खालून गेलो,
मान वाकवून, देवळात शिरतात तसे.

नर्सने गार जेल लावलं, पट्टा बांधला.
तिचंही अर्धं लक्ष खिडकीकडे.
आधी नुसती खरखर,
मग दूर कुणीतरी घाईघाईने
सुपात तीळ पाखडावेत,
पाखडतच राहावेत.
'चाले छे,' ती म्हणाली.
दुकान चालतं तसं. घड्याळ चालतं तसं.
चाले छे.

अर्धा तास कागद निघत राहिला.
एकोणिसाव्या मिनिटाला तू अशी लाथ मारलीस
की पट्टाच सरकला.
कौस्तुभ तेव्हाही बाहेर, पैसे भरत होता.
डॉक्टरबाई म्हणाल्या, बरं केलंत आलात.
उद्या परत वाटलं तर उद्याही या,
मध्यरात्री वाटलं तर मध्यरात्री.
लाजू नका.

मूठ उघडली तेव्हा कळलं,
निघताना बशीतले दाणे मी उचलून आणले होते.
घामाने त्यांचे काटे विरघळलेले.
सगळे मिळून एक चिकट खडा,
आता त्यात चौथा खरा की खोटा,
कोण सांगणार.

रात्री पुन्हा वाटी, पुन्हा बशी.
कुणाचा तरी कापलेला पतंग
बाल्कनीच्या तारेत फडफडत होता.
कौस्तुभ म्हणाला, काढू का?
मी हाताने गप्प केलं त्याला.
मोजत होते.