एक मिनिट अकरा

वणीच्या पलीकडे, बंद पडलेल्या चुनखडी कारखान्याच्या आवारात
जिथे ट्रक वळायचे तिथे आता फक्कीने मारलेली रेघ,
आणि वळणावळणाला तुरीच्या कुटाराने भरलेली पोती,
पडलो तर त्यांच्यावर पडावं म्हणून.
जानेवारीतला रविवार, सकाळचे सात.
बाराशे रुपये, चहा धरून. शिकवणीचे वेगळे.

आम्ही सतरा जण. खाणीतला एक फिटर,
एक दाताचा डॉक्टर, कॉलेजची पोरं,
जिनिंगवाल्याचा मुलगा, त्याच्या गाडीचं नाव मला उच्चारता येत नाही,
आणि मी, पशुवैद्यकीय दवाखान्यातली,
एरवी याच गाडीला मागे नायट्रोजनची टाकी बांधून
गावोगाव गाई फळवत हिंडणारी.

पहिला फेरा एक मिनिट अठरा.
मला वाटत होतं, मी फार जोरात चालवते.
आमच्याकडे तर सगळे म्हणतात, मॅडम, जरा दमानं.

विश्वदीप खोब्रागडे नागपूरचा. हासळीच्या हाडात सळई,
गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ.
त्याने माझी गाडी पाहिलीच नाही. मान पाहिली.
"तुम्ही पोत्याकडे पाहता न,
म्हणून पोतं तुमच्याकडे येते."

मग गाडी उभी करून त्याने मला सगळी वळणं पायी चालवली.
टाचेने डांबरावर ओरखडे काढले:
इथे ब्रेक सोडा.
इथून ती गावाची टाकी पाहा, फक्त टाकी.
मनगट नंतर. आणखी नंतर.
बूट घालून मी त्या रेघेवरून चालले,
नव्या घरात पाऊल टाकावं तशी, जरा लाजत.

दुसऱ्या खेपेला जीव टाकून चालवली.
एक एकोणीस.
जिनिंगवाला बाहेरून काढून गेला, त्याने हातही केला.
खोब्रागडे म्हणाला, "घाई दिसून राहिली. जोर कुठं आहे?"

मी पोत्यावर बसून चहा प्यायले.
वासरू अडलं की उगाच ओढायचं नसतं.
हात आत घालून थांबायचं,
कळ येईल तेव्हा कळेबरोबर ओढायचं, कळ गेली की सोडायचं.
हे मी किती गोठ्यांत, किती माणसांवर ओरडून सांगितलंय,
दोरीला चौघं लोंबकळत असताना.
आणि इथे प्रत्येक वळणात
मीच ओढत होते, कळ नसताना.

तिसरी खेप मला हळू वाटली.
इतकी हळू की धुराड्यावरचा गंज दिसला,
तारेवरचा कोतवाल दिसला, शेपटी दुभंगलेला,
कुटाराचा वास आला हेल्मेटच्या आत.
टाकी पाहिली. सोडलं. थांबले.
मनगट आपोआप वळलं, जणू कुणी हाक मारली.
आता ओरडा बसणार, अशा बेताने मी गाडी आणून लावली.

एक मिनिट अकरा.

त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं, हसला नाही.
"पुन्हा."
पुन्हा जमलं नाही. चौदा. तेरा. परत चौदा.
दुपारपर्यंत ते अकरा तिथेच राहिले,
माझ्या गाडीवरून कुणी दुसरीच बाई
फेरा मारून गेल्यासारखे.
दाताच्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही नेमकं काय केलं?
मला खरंच सांगता आलं नाही.
कोतवालाचं सांगितलं असतं तर हसला असता.

साडेतीनला टाकी पुन्हा मागे बांधली, दोन वेळा गाठ तपासली.
तेवढ्यात कायरहून फोन. म्हैस अडली.
"मॅडम, किती टाइम लागन?"
वीस मिनिटं, मी म्हटलं,
आणि म्हणताना आवाजात जरा तोरा आला, तो मलाही ऐकू आला.
दोरीला कुणी हात लावू नका, हेही सांगितलं.

लागली एकतीस.
पुढे पऱ्हाटीची बंडी होती.