शंभराला पंधरा मिनिटं

दार उघडायच्या आधी
मी रिकाम्या क्लबच्या मधोमध उभी राहून
एकदाच टाळी वाजवते.
लीड्सच्या रेल्वेपुलाखालची ही कमान,
काजळलेल्या विटांची,
टाळी परत करते, सव्याज.
गर्दी आली की माणसंच आवाज पितात,
त्यांचे कोट, केस, घामेजलेले टी-शर्ट.
मग वाटतं, कमी झाला,
आणि कुणाचा तरी हात नॉबकडे जातो.

आज तो हात टोबायसचा.
वय तेवीस, नखांना निळं पॉलिश,
एका कानावर हेडफोन, दुसरा उघडा.
"जरासा," म्हणतो,
अंगठा आणि तर्जनी जवळ आणून,
शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागावं तसं.

जरासा म्हणजे तीन डेसिबल, टोबायस.
मीटरवर तीनच,
पण मार दुप्पट, म्हणून वेळ निम्मा.
पंच्याऐंशीला आठ तास,
अठ्ठ्याऐंशीला चार,
एक्क्याण्णवला दोन.
असा उतरत जातो हा पाढा
आणि शंभराला उरतात पंधरा मिनिटं.
तुझी तीन गाणी.
पुढची सगळी रात्र उधारीवर.

तो मान डोलावतो.
माझ्या बोलण्याला की ठेक्याला, कळत नाही.

आमच्या भाषेत कानांना केवढी कामं!
टोचायचे, फुंकायचे, उपटायचे, टवकारायचे,
त्यांचा डोळासुद्धा करायचा,
चुकलं तर खडा लावायचा.
जपायचे, असं कुणी म्हटलेलं
मला आठवत नाही.

बारमागे नियाम.
ती आता ऐकत नाही, ओठ वाचते.
मी दिलेल्या प्लगांपैकी
एकच घालते, डाव्या कानात.
उजवा गिऱ्हाइकांसाठी.
मागच्या महिन्यात मी बारवरचे दोन स्पीकर उतरवले,
उरलेल्यांची तोंडं वळवली नाचणाऱ्यांकडे.
त्र्याण्णव होते तिथे आता शहाऐंशी.
कुणी काही बोललं नाही.
कुणाच्या लक्षातच आलं नाही,
हीच माझी पावती.

लिमिटरच्या पेटीची किल्ली
माझ्या गळ्यात असते, काळ्या दोऱ्यात.
व्हिडिओ कॉलवर आईला दिसली.
"तिजोरीची का गं?"
हो म्हणाले.

साडेबाराला मालक येतात,
हॅटर्स्ली, ऐन जुलैतही स्वेटर.
चाळीस वर्षं याच कमानीखाली,
याच बॉक्सांना पाठ टेकून.
"आज मेलाय आवाज," ओरडतात माझ्या कानाशी,
"जीव घाल जरा."
मी मीटर त्यांच्यासमोर धरते.
ते आकड्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग गळ्यातल्या किल्लीकडे.
त्यांचंच सही केलेलं पत्रक भिंतीवर आहे,
लॅमिनेट करून.
पुटपुटत निघून जातात.
नाचणारे नाचताहेत.
एक मुलगी मैत्रिणीला काहीतरी सांगते,
ओरडावं लागत नाही तिला,
नुसतं जरा वाकून, केस बाजूला घेऊन.
दोघी हसतात. बास,
एवढ्यासाठीच.

चारला दिवे.
उजेडात क्लब म्हणजे सांडलेली बिअर
आणि कुणाचातरी एकच बूट.
केबली गुंडाळून होईतो पाच.
माझ्या कानांत बारीक कुई,
दुपारपर्यंत जाईल,
नाही गेली तर लिहून ठेवायची.

बारमागचा फ्रिज घुरघुरतोय,
म्हातारा कुत्रा झोपेत घुरघुरावा तसा,
अख्खी खोली भरून.
हॅटर्स्ली त्याच्यापाशी थांबतात,
दारावर तळवा टेकवतात,
लेकराचा ताप बघावा तसा.
"चालू आहे ना हा?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहते,
ओठ स्पष्ट हलवते:
चालू आहे.

इतक्यात वरून पहिली गाडी जाते.
रॅकमधले ग्लास किणकिणतात.
ते छताकडे बघून घड्याळ लावतात.
ती त्यांना अजून कळते,
पायांतून.