रुपयात की कोरुनात

दुपारचे साडेतीन. कूलरमध्ये बादली ओतत होतो
तर प्रागहून मयुराक्षीचा फोन:
“बाबा, दुकानातलं मशीन विचारून राह्यलं,
रुपयात देता की कोरुनात?
मागं रांग आहे, लवकर सांगा.”

एकतीस वर्षं कळमन्यात संत्र्याची अडत केली.
रुमालाखाली बोटं दाबून ठरलेले भाव
या तळहाताला अजून आठवतात.
परक्या गावात जो आपल्या बोलीत हाक मारतो
त्याचा काटा आधी तपासावा.

म्हटलं, “कोरुना दाब.
आपला रुपया दिसला की जीव निवतो न,
त्या निवण्याचेच पैसे लावतात ते.
तिथलं तिथं दे. पुढचं आपली बँक पाहीन.”

“दाबलं.”
पावती फाटल्याचा आवाज इथपर्यंत आला.

“घेतलं काय पण?”
“छत्री. तीनशे ऐंशी.”
“म्हणजे आपले किती?”

ती थांबली.
“मी नाही करत आता तसा हिशेब.
पहिल्या महिन्यात करायची, बाबा,
तर घास उतरायचा नाही.”

फोन ठेवला.
कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीनं गुणाकार मांडला,
भाव चारचा धरून.
चार आठे बत्तीसचे दोन, हातचे तीन.
एवढ्यात इतवारीत चार छत्र्या आल्या असत्या,
पाचवीसाठी घासाघीस केली असती.

खोडलं नाही.
कुणीतरी करत राहावा हा हिशेब,
एक पैसाही न कापता.