आहे, नाही

बेसा ओलांडल्यावर जिथं मुरमाचा रस्ता संपतो
आणि लेआउटचा नकाशाच तेवढा पुढं जातो,
तिथल्या कंपाउंडच्या भिंती मी रंगवतो.
एका भिंतीचे दोनशे. रंग माझा.

ज्या वर्षी कारखाने येणार होते
सोनकुसरे मास्तरांनी सकाळी सातला बोलावलं.
"लिही, हा प्लॉट विकणे नाही. ठळक लिही."
त्या दिवशी तर्री-पोह्याच्या गाडीवर
सगळेच श्रीमंत होते.
चौदाशे फूट. कोणी म्हणे सोळाशे,
सडकेला लागून असला तर तोंड उघडाल तेवढे.
निखारेकडं ना प्लॉट ना पेन्शन,
तोही म्हणाला, "आपल्याकडचे भाव लय वाढून राहिले बाप्पा!"
आणि एक तारखेला त्याच्या घरमालकानं
भाडं वाढवलं.

मग कारखाने दुसरीकडं गेले,
का निघालेच नव्हते, कोणास ठाऊक.
भाव उतरला तो कूलरमधलं पाणी उतरतं तसा,
पंपाचा आवाज बदलल्यावरच कळलं.
मास्तरांचा फोन आला,
"'नाही' पुसून 'आहे' कर.
ठळक नको."
गाडीवर तीच माणसं, तीच तर्री.
"घर काय विकायला असते का बे?"
"मी तर तेव्हाच सांगून राहिलो होतो."
निखारे म्हणाला, "आता आपण घेऊ."
बँकेत जाऊन विचारून आला.
त्यानंतर आठवडाभर
त्यानं पोहे घरीच खाल्ले.

मी शहाणा झालो.
आता आधीचं सगळं ऑइल पेंटनं लिहितो,
शेवटच्या शब्दापुरता चुना.

मास्तरांच्या भिंतीवर तो चुना सात वेळा चढलाय.
परवा, एप्रिलच्या दुपारी, पुन्हा बोलावलं म्हणून गेलो
तर प्लॉटच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची,
तिच्यावर मास्तर, डोक्याला दुपट्टा.
"चप्पल काढ," म्हणाले. "हा हॉल आहे."
मी काढली.
तापलेल्या मुरमावर एका पायावरून दुसऱ्यावर जात
ब्रश हातात धरून विचारलं,
"काय लिहू? आहे का नाही?"

त्यांनी काठीनं वाळके गोखरू
माझ्या पायांपासून बाजूला सारले,
पाण्याची बाटली पुढं केली.
"थांब ना थोडा.
त्या रिकाम्या स्कीमची सावली
चार वाजता आपल्या किचनमध्ये येते."