शर्त लागू

शब्दाला साठ पैसे. कन्नडला सत्तर,
पण ते मी करत नाही, माडीवरचा ईरण्णा करतो.
खडेबाजारात, झेरॉक्सच्या दुकानामागं,
दुपारी जिथं पंख्यालाही डुलकी लागते,
तिथं बसून मी वेलकम बोनसची
'स्वागत भेट' केली.

खूश होते, खरं सांगते.
इथं पाटीवर आमची अक्षरं
वर की खाली, किती इंच, कुठल्या रंगात,
यावर तीन पिढ्या भांडल्या.
बसवर ती नाहीत, लाइटबिलावर नाहीत,
आणि हे कुठले कोण, न मागता
माझ्या बाराखडीला सोनेरी रंग देऊन
घरोघरच्या मोबाइलवर पाठवतात,
कन्नडच्या शेजारी, त्याच मापात!
सीमाप्रश्न मिटला म्हणायचा
एका दुपारात.

'पाचशे भरा, हजारानं खेळा.
पहिला डाव मोफत.'
मोफतच्या डोक्यावर एक चांदणी होती,
मसुरीच्या दाण्याएवढी.
हिचं काय करू, ईरण्णा?
"तशीच ठेव. चांदणीचं भाषांतर नसतंय."

भरमा हलगेकर उद्यमबागेत लेथवर असतो.
सुताचा फरक त्याचं बोट ओळखतं
डोळे मिटून.
ती चांदणी त्यालाही हाताला लागली नाही.
काच गुळगुळीत होती.

रविवारी आला. मोबाइल माझ्याकडं फिरवून धरला,
आजारी पोराचं तोंड डॉक्टरकडं फिरवावं तसा.
"चार हजार दोनशे दिसायलेत, ताई.
दिसायलेत की नाही? मग हातात का येईनात?"

चांदणीवर बोट दाबलं
आणि खाली विहीर उघडली, इंग्रजीची,
पायऱ्या नसलेली.
बोनस तीस वेळा फिरवावा.
सात दिवसांत.
अमुक खेळात धरला जाईल, तमुक खेळात नाही.
पाचशेच्या तीसपट, पंधरा हजार.
न फिरवल्यास बोनस आणि त्यावर जिंकलेलं सगळं
रद्द.
आठवा दिवस होता.

मी तोंडानं मराठी करत गेले.
जॉबचं ड्रॉइंग समजून घ्यावं तसं त्यानं ऐकलं,
मध्ये एकदाच म्हणाला, "पुन्हा सांगा."
मग बराच वेळ काही नाही.
मग,
"हे का लिहिला नाहीसा, ताई?"

पाठवलंच नव्हतं, भरमा.

रात्री मोजले. एकवीसशे चाळीस शब्द.
साठ पैशांनी बाराशे चौऱ्याऐंशी रुपये.
एवढे त्यांनी माझ्यावर वाचवले.
भरमानं चौथ्या रात्री तासाभरात भरले
त्याहून कमी.
शर्त म्हणजे अट. शर्त म्हणजे पैजही.
वीस वर्षं शब्द विकते,
हे दोन्ही एकाच घरात राहतात
हे मला तेव्हा सुचलं,
दिवा मालवल्यावर.

दुसऱ्या दिवशी घरी जाताना
कुंद्याच्या दुकानाशी रेंगाळले.
म्हाताऱ्यानं बटरपेपरवर चमचाभर ठेवला, "चव बघा."
खाल्ला. तशीच उभी राहिले,
अजून काही सांगेल म्हणून.
तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला होता.

आज नवी फाइल आलीय. 'सणाची भेट.'
एकोणीस शब्द, अकरा रुपये चाळीस पैसे.
मी उलट लिहिलं, बाकीचे शब्द पाठवा.
उत्तर नाही अजून.
चहा निवला.
माडीवर ईरण्णाच्या बोटांखाली कळा वाजतायत,
मग वाजायच्या थांबल्या.
त्याचं झालं वाटतं.